गुडघा, वाढती उंची आणि तीनशे बैठका: पेठेतल्या एका विंगरचं प्रकरण

वाढत्या वयातल्या खेळाडूंना मी व्यायाम देते. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे तिघं जण आले. पुढं आजोबा, मागं वडील आणि सगळ्यांत मागं डावा पाय जपून टाकणारा मुलगा. वय १३ वर्षं ९ महिने. शाळेच्या फुटबॉल संघात उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा, आणि शनिवार-रविवार पेठेतल्या तालमीच्या लहान गटाच्या संघात. आजोबा जुने पैलवान. आजही पहाटे तालमीत जाऊन पोरांवर नजर ठेवतात. घरच्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. नाव आणि पेठ मुद्दामच दिलेली नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथं फुटबॉल तालमीच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या संघांच्या नावातच तालीम आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तेरा-चौदा वर्षांच्या प्रत्येक पोराच्या घरात निवड चाचणीची भाषा बोलली जाते. त्यामुळे ताकद वाढवायची म्हटलं की मुलाला दोन्हीकडून ओढ बसते. एकीकडे तालमीतले जोर-बैठका, दुसरीकडे कोपऱ्यावरची नवी जिम. या मुलाच्या वाट्याला दोन्ही आलं होतं.

मी आधी मुलालाच विचारलं, तुला काय हवं आहे? तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, किक लांब जात न्हाई. आणि कुणी खांदा लावला की पडतोय मी." वडील म्हणाले, "बॉडी व्हायला पाहिजे हो. निवडीला उभा राहिला तर दिसला पाहिजे." प्रशिक्षकांनी फोनवर सांगितलं, वेग वाढवा. आजोबांचं म्हणणं एकच होतं: "बैठका सोडल्या की मांड्या वाळत्यात पोराच्या."

चौघांच्या चार गोष्टी मी कागदावर लिहून घेतल्या. पुढचे सहा महिने आमचं काम म्हणजे या चार वाक्यांचं भाषांतर होतं.

गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर, नडगीच्या वरच्या टोकाला, स्पष्ट उंचवटा आला होता. दाबलं की मुलगा ओठ आवळायचा. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून निदान आधीच केलं होतं: ऑस्गुड-श्लाटर. १९०३ साली बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिचचे श्लाटर यांनी वेगवेगळं वर्णन केलेली ही अवस्था वाढत्या वयातल्या खेळाडूंमध्ये फार दिसते. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन कंडरेनं, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्यानं, नडगीला जोडलेला असतो. मोठ्या माणसात तिथं पक्कं हाड असतं, तर वाढत्या मुलात अजून मऊ, लवचिक कूर्चा असते. हाड लांब होत असतं, स्नायू त्या मानानं ताणलेला राहतो आणि प्रत्येक उडी, प्रत्येक ब्रेक, प्रत्येक किक त्याच नाजूक जागेला खेचते. मुलगा उजव्या पायाचा आणि दुखत होता डावा गुडघा. आजोबांना याचं नवल वाटलं. पण उजव्या पायानं किक मारताना सगळा भार डाव्या, रोवलेल्या पायावर येतो.

अचानक "कट" असा आवाज होऊन पाय सरळच करता आला नाही, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असली किंवा सांधाच सुजला, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. इथं तसं काही नव्हतं.

आता उंची. शाळेच्या आरोग्यपत्रकात आदल्या वर्षीच्या जूनमध्ये १४८.५ सेंटिमीटर. माझ्याकडे सप्टेंबरमध्ये मोजली तेव्हा १५९. वजन ४३.५ किलो. पंधरा महिन्यांत साडेदहा सेंटिमीटर. मुलांमध्ये उंचीची सगळ्यांत वेगवान वाढ साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास होते आणि त्या काळात वर्षाला ९ ते १० सेंटिमीटर वाढ सहज होते. मुलींमध्ये ती जवळपास दोन वर्षं आधी येऊन जाते, त्यामुळे मुलींच्या संघासाठी हेच वेळापत्रक अलीकडे सरकवावं लागतं. या वाढीत आधी पाय लांब होतात, मग धड, आणि वजन व स्नायू काही महिन्यांनी मागून येतात. मधल्या काळात मुलाला स्वतःचेच पाय परके वाटतात. चेंडू अडखळतो, वळताना तोल जातो. प्रशिक्षक म्हणतात, "याचा खेळ बिघडला." खेळ बिघडलेला नसतो. मेंदूकडचा शरीराचा नकाशा जुना झालेला असतो.

वाढ कोणत्या टप्प्यावर आहे हे काढायची सूत्रं आहेत. एकात उभी उंची, बसून उंची, वजन आणि वय घालतात. दुसऱ्यात आईवडिलांची उंची लागते. मी दोन्ही वापरते, पण फक्त दिशा कळण्यापुरती. पहिल्यात सहा महिने ते वर्षभर इकडंतिकडं होऊ शकतं आणि दुसरं अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बांधलेलं आहे. माझा जास्त भरवसा दाराच्या चौकटीवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, अनवाणी, एकाच माणसानं मारलेली पेन्सिलची रेघ.

मग मी आठवडा मोजला. शाळेचा सराव चार दिवस दीड-दीड तास, तालमीच्या संघाचा दोन दिवस अडीच-अडीच तास, संध्याकाळी गल्लीतला खेळ चार-पाच तास. म्हणजे पंधरा-सोळा तास. लहान खेळाडूंसाठी एक सोपा ढोबळ नियम आहे: आठवड्याचे संघटित सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त असू नयेत. नुसता संघांचा सराव बघितला तर हा ११ तासांवर होता, नियमात बसत होता. पण गुडघ्याला संघ आणि गल्ली यांतला फरक कळत नाही. शिवाय पहाटे साडेपाचला तीनशे बैठका, आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे आठवड्याला १,८०० वेळा टाचा उचलून, गुडघे चवड्यांच्या पुढं नेऊन पूर्ण खाली बसणं. देशी बैठक हा चांगला व्यायाम आहे, माझं तिच्याशी वैर नाही. पण खेचली जाणारी कंडरा ज्या कोनात सगळ्यांत जास्त ताणते, तो कोन बैठकीत पुन्हा पुन्हा येतो. आणि वाढीच्या याच वर्षी.

दुसरीकडं वडिलांनी त्याला महिनाभर जिमला घातलं होतं. तिथं त्याला पायांच्या मशीनवर बसवून गुडघे सरळ करायला लावत होते, वजन वाढवत वाढवत.

चाचण्यांत जे दिसलं ते आजोबांना मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. जोर ४०, तेही शिस्तीत. दोर चढणं उत्तम. पोट-पाठ ताठ ठेवून एक मिनिट सहज. "हे तुमचं काम आहे, आजोबा," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्या वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत मी असा वरचा अर्धा भाग क्वचित पाहिला आहे. पण ४५ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून एका पायावर उठायला सांगितलं तर उजव्यावर ९ वेळा, डाव्यावर ३ वेळा आणि तेही दुखत. वीस सेंटिमीटरच्या पायरीवरून उडी मारली तर दोन्ही गुडघे आत वळायचे, टाचा धाडकन आपटायच्या. पालथं झोपवून टाच कुल्ल्याकडं नेली तर डावीकडं वीतभर अंतर उरायचं. उभ्या जागेवरून लांब उडी १६८ सेंटिमीटर.

उद्दिष्टं ठरवताना मी एक गोष्ट स्पष्ट केली. या वर्षी किलोचं उद्दिष्ट नाही. तेरा-चौदाव्या वर्षी वजन उचलू नये म्हणून नव्हे. वजन उचललं की उंची खुंटते हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे, पण नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामानं असं होतं याला पुरावा नाही. उलट जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायूंना बळ देणारं काही करावं असंच सांगते. किलोचं उद्दिष्ट नको, कारण ते शेजारच्या मुलाकडं बघून ठरतं. याच्या संघात याच्याच वर्षी जन्मलेला एक बचावपटू आहे. तो जानेवारीचा, हा डिसेंबरचा. त्याला मिसरूड फुटलेलं, उंची १७२. त्याच्याशी तुलना करून ठरवलेलं ओझं या मुलाच्या गुडघ्याच्या कूर्चेनं का सोसायचं?

मग भाषांतर सुरू झालं. "किक लांब जात नाही" याचा अर्थ लावला: रोवलेला डावा पाय भार घेत नाही. उद्दिष्ट: डाव्या पायावर खुर्चीवरून १० वेळा, दुखणं दहापैकी दोनच्या आत. "खांदा लावला की पडतो" याचा अर्थ: एका पायावर असताना कंबर आणि मांडीची आतली बाजू धरत नाही. उद्दिष्ट: एका पायावर उभं राहून बाजूनं ढकललं तर पाऊल न हलवता तोल सावरणं, आणि कुशीवर पडून वरचा पाय बाकावर ठेवून कंबर उचलून २० सेकंद. "वेग वाढवा" याचा अर्थ आम्ही आधी "थांबता येऊ दे" असा लावला. ज्याला थांबता येत नाही त्याचं शरीर पूर्ण वेगानं पळू देत नाही. "बॉडी" हा शब्द मी खोडला आणि तिथं झोप व जेवण लिहिलं. वडील नाराज झाले, पण कागद त्यांनीच खिशात ठेवला.

पहिले चार आठवडे फुटबॉल पूर्ण बंद केला नाही. बंद केलं तर मुलगा चोरून खेळतो, हे मी शिकले आहे. शाळेचा सराव दोनच दिवस. पासिंग, पहिला स्पर्श, उभ्यानं खेळ. लांब किक, उड्या, वेगानं धावणं आणि सामने नाहीत. डेन्मार्कमध्ये याच दुखण्याच्या १० ते १४ वयाच्या ५१ मुलांवर असाच कार्यक्रम करून पाहिला गेला: आधी खेळ कमी करणं, मग टप्प्याटप्प्यानं गुडघ्याचं बळ. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलांना चांगलं वाटत होतं, पण खेळात परत गेलेली फक्त १६ टक्के होती. वर्षानं ६९ टक्के. हा १६ टक्क्यांचा आकडा मी वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितला. डिसेंबरात हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आशेवर सगळं घर होतं. खोटी तारीख देऊन चालणार नव्हतं.

बैठका बंद, हे सांगणं सगळ्यांत अवघड. मी आजोबांना म्हणाले, जोर राहू देत, दोर राहू दे, मुद्गलांची जोडी फिरवू दे. फक्त बैठकीच्या जागी पाय सरळ ठेवून मांडी आवळून ३० सेकंद, दहा वेळा, आणि उताणं झोपून कंबर उचलणं. सेकंद तुम्ही मोजायचे. आजोबा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "मोजायला लावलंस म्हणजे जबाबदारी दिलीस व्हय." दुसऱ्या दिवसापासून ते मोजायला लागले, आणि त्यांचा सेकंद माझ्या घड्याळापेक्षा लांब होता.

याचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. मुलगा रात्री अकराला झोपून पहाटे पाचला उठायचा. त्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. व्यायाम संध्याकाळी नेला आणि तो साडेसहापर्यंत झोपू लागला. मला वाटतं, पहिल्या महिन्यात जो फरक पडला त्यात या दीड तासाचा वाटा माझ्या व्यायामांपेक्षा कमी नव्हता. दुसरी किरकोळ गोष्ट म्हणजे सायकल. पाय लांब झाले होते आणि सीट सहावीतल्या उंचीवर होती. प्रत्येक पेडलला गुडघा छातीशी. सीट चार बोटं वर केली.

पाचव्या आठवड्यापासून भिंतीला पाठ लावून अर्ध्यावर बसणं, खुर्चीवर बसून उठणं, मग पुढं पाय टाकून खाली जाणं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी शहाबादी फरशीवर टाचांखाली फडकं ठेवून कंबर उचलायची आणि टाचा हळूहळू पुढं सरकवायच्या. नियम एकच: व्यायाम करताना दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त नको.

सातव्या आठवड्यात सगळं उलटलं. सोमवारी मुलगा लंगडत आला, दुखणं सहा. मी वही तपासली, त्याच्या फुटबॉलच्या नोंदी बरोबर. चिडून मीच त्याला दोनदा विचारलं, "खरं सांग, सामना खेळलास ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं, शाळेच्या क्रीडा महोत्सवासाठी तीन दिवस लांब उडीचा सराव चालू होता. तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला रोज "फुटबॉल किती खेळलास?" एवढंच विचारत होते. ही चूक माझी होती, आणि त्याची मी त्याच्या वडिलांसमोर माफी मागितली. तेव्हापासून वहीतला प्रश्न बदलला: आज कुठं कुठं धावलास, कुठं उड्या मारल्यास? दोन आठवडे मागं गेलो आणि पुन्हा वर चढलो.

अकराव्या आठवड्यापासून वजन आलं. छातीशी धरलेलं ओझं घेऊन अर्धी बैठक, एक पाय मागं ठेवून खाली जाणं, कंबरेतून वाकून एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, दोन ते तीन फेऱ्या, आठ ते बारा वेळा. इथं एक व्यावहारिक अडचण येते. सगळ्या फेऱ्या स्वच्छ झाल्या की ओझं पाच ते दहा टक्के वाढवायचं असा संकेत आहे. पण जिममधला डंबेल ५ किलोवरून थेट साडेसातवर जातो, म्हणजे पन्नास टक्के. त्यावर उपाय मुलाच्या आईनं काढला: जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली आणि त्यात वाळू भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा अर्धा किलो वाढवत गेली. सहा किलोपासून सुरुवात. विसाव्या आठवड्यात साडेअकरा.

गुडघ्यांवर बसून, कुणीतरी टाचा धरून, शरीर सरळ ठेवत पुढं झुकत जाणं हा मांडीच्या मागच्या स्नायूला जपणारा फुटबॉलमधला सगळ्यांत भरवशाचा व्यायाम. तो मी सोळाव्या आठवड्यापर्यंत दिलाच नाही, कारण गुडघ्यांवर बसलं की नेमका तो उंचवटा जमिनीला टेकतो. नंतर दुमडलेली गादी अशी ठेवली की उंचवटा तिच्या काठाबाहेर मोकळा राहील. टाचा धरायला आजोबा. दोन फेऱ्या, चार-चार वेळा, एवढंच.

प्रशिक्षकांना मी एकच विनंती केली: सरावाआधी मैदानाच्या फेऱ्या मारण्याऐवजी फिफानं तयार केलेला वीसेक मिनिटांचा सराव घ्या. त्याची ७ ते १३ वयोगटाची वेगळी आवृत्ती आहे. युरोपातल्या चार देशांतल्या मुलांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानं दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. प्रशिक्षक म्हणाले, वीस मिनिटं परवडत नाहीत. दहावर तोडगा निघाला. आठवड्यातून दोनदा पोरं ते नीट करतात, बाकी दिवस उरकतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. वडिलांनी पावडरीचा डबा आणला होता, तो परत करायला लावला. ४५ किलोच्या मुलाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दुधात सोळा-सतरा, दोन अंड्यांत बारा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, आणि दोन वेळची उसळ-भाकरी आहेच. कोल्हापुरात दुधाला कमी नाही. कमी होता तो नाश्ता, कारण मुलगा चहा-बटरवर शाळेला जात होता.

चौदाव्या आठवड्यात तो तीस मिनिटं सामना खेळला, एकविसाव्यात पूर्ण. चोविसाव्या आठवड्याच्या नोंदी अशा: डाव्या पायावर खुर्चीवरून ११, उजव्यावर १३. लांब उडी १८४. पायरीवरून उतरताना आवाज येत नाही, गुडघे सरळ. उंची १६२.६, वजन ४७. लांब उडीतले सोळा सेंटिमीटर सगळे माझ्या व्यायामाचे म्हणता येणार नाहीत. वाढत्या मुलाची उडी काहीही न करता वाढतेच. दोन्ही पायांतला फरक कमी झाला, ते मात्र मी कामाचं श्रेय मानते. उंचवटा तसाच आहे आणि राहील. जोरात दाबला तर अजून दुखतो.

निवड चाचणीत तो निवडला गेला नाही. मिसरुडवाला बचावपटू निवडला गेला. वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग फोन करून म्हणाले, "मॅडम, कमी पडलं का आपलं?" मी त्यांना दाराच्या चौकटीवरच्या रेघा बघायला सांगितल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महिन्याला ०.९, आता ०.४. उंचीचा वेग उतरतो आहे. वजन आणि स्नायू भरायचा काळ आता सुरू होतोय, आणि दोन वर्षांनी त्या १७२ वाल्याशी असलेली तफावत बरीच पुसली जाईल. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गटांत खेळवून पाहिलं आहे. आपल्याकडे निवड करणाऱ्यांनी निदान मुलाची जन्मतारीख आणि उंचीची नोंद एका कागदावर शेजारी शेजारी ठेवावी, एवढी माझी कळकळीची मागणी आहे. उशिरा वाढणारी किती चांगली पोरं आपण चौदाव्या वर्षी घरी पाठवतो, हे मी दर वर्षी बघते.

पुढच्या सहा महिन्यांचा कागद मुलानंच लिहिला. पहिली ओळ: डाव्या पायानं पण क्रॉस (कडेवरून गोलसमोर दिलेला पास) मारता आला पाहिजे. दुसरी: वाळूची पिशवी १६ किलो, आठ वेळा, तीन फेऱ्या. तिसरी ओळ आजोबांच्या आग्रहाची आणि मला मान्य असलेली: बैठका परत, पण टाचा टेकवून, वीसपासून, एक दिवसाआड. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी बांबूच्या काठीवर बार (वजनं लावायची लोखंडी दांडी) धरायला शिकवायचं ठरलं आहे. रिकामा बार २० किलोचा असतो आणि त्याला अजून वेळ आहे. गेल्या रविवारी आजोबा तालमीतली आणखी तीन पोरं घेऊन आले. तिघांच्या गुडघ्यांआधी त्यांनी मला त्यांच्या शाळेच्या आरोग्यपत्रकातल्या उंचीच्या नोंदी दाखवल्या.